पाटी एकाची, पडदा दुसऱ्याचा



‘मॉनिटर नामांकित कंपनीचा घेतला की पडद्याची चिंता नको’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. डेल, एचपी स्वतः पॅनेल (चित्र दाखवणारा पडदा) बनवत नाहीत. एलजी डिस्प्ले, तैवानच्या एयूओ व इनोलक्स, चीनची बीओई अशा कंपन्यांकडून घेतात. सॅमसंग डिस्प्लेने तर २०२२ मध्ये एलसीडीचे उत्पादनच थांबवले, म्हणजे सॅमसंगच्या एलसीडी मॉनिटरातही पॅनेल दुसऱ्याचेच. म्हणूनच एकाच ब्रँडच्या दोन मॉनिटरांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. शिवाय पॅनेलचे प्रकारही वेगवेगळे: टीएन पॅनेलचे रंग खालून पाहताच काळवंडतात, आयपीएसचे टिकतात. व्हीए काळा रंग गडद दाखवते, पण त्यावरून अक्षरे भरभर सरकवली की मागे सावली ओढली जाते. तेव्हा नावाला भुलण्यापेक्षा दुकानदाराला पॅनेलचा प्रकार विचारावा आणि पडदा चारही बाजूंनी पाहूनच पैसे मोजावेत.

— एक वाचक, पुणे