प्रोग्राम लिहिणाऱ्याला आधी दुकानात बसवा

आपल्या बाजारात सॉफ्टवेअर करणाऱ्या मुलांविषयी दोन समज पक्के बसले आहेत. पहिला असा की, हा मुलगा थंड खोलीत खुर्चीवर बसून बटणे दाबतो आणि महिन्याला गलेलठ्ठ पगार घेतो. दुसरा असा की, त्याच मुलाने आपल्या दुकानाचे काम केले तर त्याला फारसे पैसे द्यायचे नसतात, कारण त्यात माल काहीच लागलेला नसतो. सूत नाही, रंग नाही, वीज म्हणावी तर पंख्याएवढी. हे दोन्ही समज चुकीचे आहेत आणि त्यांतून नुकसान आपलेच होत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी कापडाचा व्यापारी. भिवंडीचे ग्रे कापड घ्यायचे, डोंबिवलीच्या एमआयडीसीत प्रोसेस करवून घ्यायचे आणि पुढे विकायचे, यातच उमर गेली. शिक्षण उर्दू शाळेत झाले. कॉम्प्युटरची विद्या मला येत नाही. परंतु माझा सख्खा भाचा डोंबिवलीत राहतो आणि बारा वर्षांपासून सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. त्याचे काम मी जवळून पाहिले आहे आणि कारागिराचे काम ओळखण्याइतकी नजर मला या धंद्याने दिली आहे.

त्याचा दिवस

हा मुलगा सकाळी साडेसातच्या सुमारास घर सोडतो. डोंबिवलीहून ठाणे, तेथे गाडी बदलून ऐरोली. सकाळच्या लोकलला डोंबिवलीत पाय ठेवायला जागा नसते, हे सांगण्याची गरज नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून पडून प्रवाशांचे जीव गेले, तो याच रस्त्यावरचा प्रकार. पाठीवर कंपनीचा लॅपटॉप असतो. गर्दीत तो पोटाशी धरून उभे राहावे लागते, कारण तो फुटला तर जबाब यालाच द्यावा लागतो.

ऑफिसात पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे सगळे मिळून बोलतात. काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले, एवढेच सांगायचे. मग त्याच्या नावावर लागलेली कामे असतात, त्यांना ते ‘टिकीट’ म्हणतात. मला वाटत होते की तो दिवसभर नवे नवे प्रोग्राम लिहीत असेल. तसे नाही. दिवसाचा मोठा भाग दुसऱ्या कोणीतरी पाच-सात वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला प्रोग्राम वाचण्यात जातो. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला, लिहिलेले कोणाला समजत नाही आणि चालू कामाला धक्का लावायचा नाही. दुसऱ्या टेलरने शिवलेली शेरवानी उसवून, कापड न बिघडवता पुन्हा अंगाला बसवायची, असे हे काम आहे. ज्यांनी ते केले आहे त्यांना ठाऊक आहे की नवे शिवणे त्यापेक्षा सोपे.

एकदा त्याच्याकडे अशी तक्रार आली की, हिशेबात बेरीज एका पैशाने चुकते. एक पैसा! त्या मागे तो दीड दिवस बसला. शेवटी सापडले असे की, एका ठिकाणी प्रत्येक ओळीचा पैसा पूर्ण करून बेरीज होत होती आणि दुसऱ्या ठिकाणी बेरीज करून मग पैसा पूर्ण होत होता. दुरुस्ती एका ओळीची. मी विचारले, “एका ओळीला दीड दिवस?” तो म्हणाला, “मामू, ओळ लिहायला एकच मिनिट लागले. कोणती ओळ चुकली ते शोधण्यात दीड दिवस गेला.” आपल्या फोल्डिंग खात्यातला अनुभवी माणूस हजार मीटरमधून तुटलेला धागा शोधतो, त्याला आपण बटणे दाबणारा म्हणत नाही.

संध्याकाळी सहा वाजता त्याची सुट्टी होत नाही. गिऱ्हाईक अमेरिकेत बसलेले. आपली संध्याकाळ ही त्यांची सकाळ. रात्री जेवणाच्या वेळी फोनवर मीटिंग सुरू होते. नवा प्रोग्राम चालू करायचा तो बहुधा रात्री किंवा शनिवारी, म्हणजे गिऱ्हाइकाचे काम अडत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दोन खोल्यांच्या घरात, एका बाजूला मुलांची ऑनलाइन शाळा आणि दुसऱ्या बाजूला इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून डोंबिवलीतल्या कितीतरी मुलांनी हे काम केले. नोकरी सोडायची म्हटली तर तीन-तीन महिने आधी सांगावे लागते, परंतु कंपनीने काढायचे ठरवले तर हिशेब फार लवकर होतो.

नाते जुनेच आहे

कॉम्प्युटर ही आपल्याला परकी वस्तू वाटते. खरे पाहता तिचे एक मूळ मागावर आहे. फ्रान्समधील लिओन शहरात जोसेफ मारी जाकार याने १८०४ साली असा माग तयार केला की, छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरून नक्षी आपोआप विणली जाई. छिद्र असेल तर तार उचलायची, नसेल तर खाली ठेवायची. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणित करणाऱ्या यंत्रासाठी हीच पट्ट्यांची कल्पना घेतली. पुढे १८९० च्या अमेरिकेतील जनगणनेची मोजदाद हर्मन हॉलेरिथच्या यंत्रांनी छिद्रांच्या कार्डांवर केली आणि त्याच धंद्यातून आयबीएम ही कंपनी उभी राहिली. आजही कॉम्प्युटरच्या पोटात ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोनच गोष्टी चालतात. जॅकार्डवर काम केलेल्या आपल्या विणकराला हे समजावून सांगावे लागत नाही.

आता आपल्या देशातली गोष्ट पाहा. आज गल्लीतल्या दुकानातही ज्या टॅलीवर हिशेब चालतो, ती कशी जन्माला आली? बेंगळुरूचे श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्यांना व कारखान्यांना कच्चा माल आणि सुटे भाग पुरवीत. स्वतःच्या हिशेबाला योग्य असे सॉफ्टवेअर त्यांना बाजारात मिळेना. तेव्हा त्यांनी आपला मुलगा भरत याला ते लिहायला सांगितले. १९८६ साली कंपनी सुरू झाली. २०२० मध्ये भरत गोएंका यांना पद्मश्री मिळाली. लिहिणारा हुशार होता यात शंका नाही. परंतु त्याच्या घरातच व्यापारी बसलेला होता आणि वडिलांना काय पाहिजे हे तो रोज विचारू शकत होता, ही गोष्ट हुशारीइतकीच महत्त्वाची आहे. माझ्या म्हणण्याचे सार यातच आहे.

न सांगितल्याने काय होते

आपला व्यापारी सॉफ्टवेअरवाल्याला बोलावतो आणि म्हणतो, “काही नाही, साधे बिल निघाले पाहिजे.” मुलगा बिल काढून देतो. मग एकेक गोष्ट बाहेर पडते. प्रत्येक ताक्याचे मीटर वेगळे असतात, म्हणून बिलावर ताकावार मीटर पाहिजे. ग्रे कापड शंभर मीटर प्रोसेसला गेले तर शंभरच परत येत नाही, ती घट कुठे दाखवायची? दलाली निराळी, वटाव निराळा, प्रत्येक पार्टीच्या उधारीची मुदत निराळी. किराणा दुकानात एक पुडा म्हणजे एक पुडा असतो. तोच हिशेब मनात धरून लिहिलेला प्रोग्राम कापडाला लावला तर गोदामात माल एक आणि पडद्यावर दुसराच दिसतो. मग आपण म्हणतो, पोराने फसवले. परंतु जे आपल्या डोक्यात होते ते आपण त्याला सांगितलेच नव्हते.

ताजे उदाहरण घ्या. ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे नवे दर जाहीर झाले आणि २२ सप्टेंबरपासून लागू झाले. पूर्वी नगाला १,००० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के असे. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के. मधे दिवस मिळाले एकोणीस. या दिवसांत देशभरातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना आपले प्रोग्राम बदलून द्यावे लागले.

यात एक मेख आहे. ज्याने प्रोग्रामात नुसता दर बदलला, त्याच्याकडे ऑगस्टचे जुने बिल पुन्हा छापले तर त्यावर नवा कर येतो. ज्याने प्रत्येक दराला तारीख जोडून ठेवली, त्याचे जुने बिल जुन्या दराने आणि नवे बिल नव्या दराने निघते. ऑगस्टमध्ये विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला तर क्रेडिट नोट जुन्याच दराने काढायची असते. परतीचा माल कापडाच्या धंद्यात किती असतो हे ज्याने दुकानात बसून पाहिले आहे, त्याला ही गोष्ट आधीच सुचते. इतरांना ती नोटीस आल्यावर समजते, आणि नोटीस प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या नावे येत नाही, आपल्या नावे येते.

यंत्रच लिहील, मग माणूस कशाला?

काही बांधव म्हणतात की, आता एआय आले आहे, प्रोग्राम यंत्रच लिहून देते. भीती खोटी नाही. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे १२ हजार लोक कमी करण्याचे जाहीर केले. माझा भाचाही आता अर्धेअधिक लिखाण यंत्राकडून करवून घेतो आणि स्वतः तपासतो. तो सांगतो की, यंत्र लिहिते झटपट, पण चुकले तरी तेवढ्याच आत्मविश्वासाने लिहिते.

उर्दू वाचणाऱ्यांनी असा प्रसंग एकदा पाहिलेला आहे. १९९४ मध्ये इनपेज आले आणि पाहता पाहता कातिबांच्या हातची कलम सुटली. कितीतरी घरांची रोजी गेली, हे विसरता येत नाही. परंतु ज्या कातिबांनी की-बोर्ड शिकून घेतला त्यांची नजर वाया गेली नाही. मथळा केवढा, ओळ कुठे तोडायची, पान कसे भरायचे, हे मशीनला ठाऊक नव्हते, त्यांना ठाऊक होते. सॉफ्टवेअरच्या धंद्यातही नुसत्या टायपिंगची किंमत घसरत जाणार. धंद्याची माहिती असलेल्या माणसाची किंमत टिकणार. म्हणून आपल्या ज्या मुलांना या क्षेत्रात जायचे आहे त्यांनी फक्त क्लासचे सर्टिफिकेट घेऊन थांबू नये. वडिलांच्या गाळ्यावर, काकांच्या गॅरेजमध्ये सहा महिने हिशेब लिहावा. हे शिक्षण कोणत्याही क्लासमध्ये विकत मिळत नाही.

व्यवहार कसा करावा

दोष एकाच बाजूचा नाही. काम अर्धवट सोडून फोन न उचलणारे सॉफ्टवेअरवालेही मी पाहिले आहेत. म्हणून व्यवहार कापडाच्या व्यवहारासारखा चोख असावा.

काम देण्याआधी त्या मुलाला आठ दिवस दुकानात बसवा आणि त्या दिवसांचे पैसे द्या. माल येतो, जातो, परत येतो, उधारी वसूल होते, हे सगळे त्याला डोळ्यांनी पाहू द्या. मग काय पाहिजे ते कागदावर लिहून दोघांनी सही करा. मागाहून सुचलेले काम हे जादा काम समजा आणि त्याची मजुरी वेगळी ठरवा.

माल तपासल्याशिवाय आपण ताका घेत नाही, तसा प्रोग्रामही घेऊ नका. मागच्या एखाद्या महिन्याची सगळी खरी बिले नव्या प्रोग्रामात घाला आणि बेरीज जुन्या वहीशी जुळवा. गर्दीच्या वेळीही चालवून पाहा. सरकारची ई-वे बिलाची व्यवस्था १ फेब्रुवारी २०१८ रोजी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी भार न पेलल्याने पुढे ढकलावी लागली, ती १ एप्रिलपासून लागू झाली. सरकारचे असे होते, तर आपले ईदच्या आठवड्यात होऊ शकते.

हिशेबाची प्रत दररोज दुसऱ्या ठिकाणी ठेवा आणि मुख्य पासवर्ड मालकाच्या हाती असू द्या. वही आपली आणि किल्ली दुसऱ्याकडे, अशी स्थिती कधीही येऊ देऊ नका.

शेवटची गोष्ट पैशाची. ठरलेली रक्कम ठरल्या दिवशी द्या आणि वर्षाच्या देखभालीचे पैसे कापू नका. यात नीतीबरोबर कायदाही आहे. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, आणि वर्षअखेरीस बाकीच राहिले, तर २०२३-२४ पासून तो खर्च आयकराच्या हिशेबात त्या वर्षी धरता येत नाही. सूतवाल्याला आपण वेळेवर पैसे देतो, कारण उद्या त्याच्याकडून सूत पाहिजे असते. ज्याच्या प्रोग्रामवर आपली उधारी, आपला साठा आणि आपला कर उभा आहे, त्याची गरज तर रोजच पडते. त्याची मजुरी थकवून तो उद्या नव्या नोकरीत निघून गेला, तर पुढचा येईल तो त्याचे लिहिलेले वाचण्यात महिना घालवील आणि त्या महिन्याचे बिल आपल्यालाच भरावे लागेल.