श्वासाचा पंप आणि पर्यावरण

दम्याच्या फवारा-पंपात औषध बाहेर ढकलण्यासाठी बहुधा एचएफए-१३४ए हा वायू वापरतात. १०० वर्षांच्या कालावधीत तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या १,००० पटींहून अधिक उष्णता अडवतो. रोटाहेलरसारख्या कोरड्या पुडीच्या साधनाला हा वायू लागत नाही. मात्र त्यासाठी जोराने, खोल श्वास ओढावा लागतो. थकलेल्या वृद्धांना ते जमेलच असे नाही. म्हणून पंप परस्पर बदलू नये. पुढील तपासणीस तो सोबत न्यावा आणि डॉक्टरांसमोर श्वास ओढून दाखवावा. ज्यांना जमेल त्यांनी पूड निवडावी; ज्यांना फवाराच आवश्यक आहे त्यांनी तो स्पेसर लावून निःशंकपणे घ्यावा. नियमित औषधाने दमा आटोक्यात राहिला, की तातडीचे फवारेही कमी लागतात. त्यात रुग्णाचे हित आहे आणि हवेचेही.