पिशवी लगेच काढून घेऊ नका

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, असं निदान झालं की घरातली माया एकच सूर धरते: "तू बस, मी आणते." पाण्याचा तांब्या आयता हातात येतो, भाजीची पिशवी काढून घेतली जाते. अशा घरांना हात जोडून विनंती, एवढी घाई करू नका.

भीती मला कळते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते आणि मेंदूचा निरोप वाटेत अडखळतो. अंग तापलं की आणखीच. डोळ्यांपुढे धूसर होतं, पाय ओढत चालावं लागतं. व्यायामानं अंग तापलं की नजर अशी धूसर होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवलं, आणि पुढे कित्येक दशकं डॉक्टरच रुग्णांना व्यायामापासून दूर ठेवत आले. पण अंग निवलं की हा त्रास ओसरतो, त्यातून मज्जातंतूंना नवी इजा होत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत युटा इथल्या संशोधकांनी रुग्णांकडून आठवड्यातून तीनदा, असा १५ आठवडे व्यायाम करून घेतला. त्यांचा दमसास वाढला, ताकदही वाढली.

बसून राहिल्यानं येणारा अशक्तपणा आजाराच्या अशक्तपणात मिसळतो, आणि सगळा दोष आजाराच्या माथी जातो. त्यातला बसण्याचा वाटा भरून काढता येतो.

म्हणून न्यूरोलॉजिस्टला विचारून फिजिओथेरपिस्टकडे जा, पडझड सुरू होण्याआधीच जा. तोल कुठे जातो, पाऊल लोंबतं का, कोणता स्नायू ताठरतो, हे पाहून ते व्यायाम ठरवतील. गरज असेल तर पायाला स्प्लिंट देतील. शेजाऱ्यानं सांगितलेला व्यायाम करू नका. शक्यतो सकाळी करा, पंख्याखाली, गार पाणी पिऊन, मानेवर ओला रुमाल टाकून. पाच मिनिटांनी थकलात तर थांबा, पुन्हा पाच मिनिटं करा. हा थकवा म्हणजे आळस नव्हे, हे घरच्यांनीही मनात पक्कं करावं. चालणं जमत नसेल तर खुर्चीत बसून हात चालवा. मात्र एखादा नवा त्रास २४ तासांहून जास्त टिकला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना लगेच कळवा.

आणि घरच्यांनो, सोबत चालाच. जी बाजू अशक्त आहे तिकडे, अर्धं पाऊल मागे राहा. दंड धरून ओढू नका, तोल गेला तर सावरता येईल एवढ्या अंतरावर हात असू द्या. पिशवीत आज दोनच लिंबं असली तरी ती त्यांच्याच हातात राहू द्या.