बेवारस मृतांचा तपास

१९८५ च्या जुलै महिन्यात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने, मुंबईतील फूटपाथवासीयांना हटविण्याचा महापालिकेचा अधिकार मान्य करतानाही, उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्कातच अंतर्भूत असल्याचा निर्वाळा दिला. आणि त्याच वर्षी याच शहरात शीव व किंग्ज सर्कलच्या परिसरात, रस्त्याकडेला एकट्याने झोपलेल्या माणसांची डोकी अवजड दगडाने ठेचून त्यांना ठार मारण्याचे अघोरी सत्र सुरू झाले. किमान बारा बळी घेऊन ते १९८८ च्या सुमारास थांबले. पुढे १९८९ च्या जूनपासून कलकत्त्यात अवघ्या सहा महिन्यांत तेरा जण तशाच रीतीने मारले गेले. दोन्ही शहरांतला मारेकरी एकच होता की निरनिराळे, याचा उलगडा आजतागायत झालेला नाही.

पोलिसांनी हातपाय हलविलेच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रात्रीची गस्त वाढली, संशयितांची धरपकड झाली आणि पुराव्याअभावी त्यांना सोडावे लागले. शीवमधला एक हॉटेलातला वेटर अशा हल्ल्यातून बचावला. पण तो झोपला होता तेथे उजेड इतका अंधूक होता की, मारेकऱ्याचा चेहरा त्याला सांगता आला नाही. खुनाचे हत्यार म्हणजे ओबडधोबड दगड, ज्यावर बोटांचे ठसे सहसा उमटत नाहीत. परंतु आमच्या मते खरी अडचण याहून खोल होती. खुनाचा तपास मृताच्या आप्तेष्टांपासून, त्याच्या देण्याघेण्यापासून आणि वैरापासून सुरू होतो. येथे बहुतेक मृतांची ओळखच पटली नाही, आणि पंचनाम्यात ‘बेवारस’ असा शेरा पडताच धागा धरावयास काही उरले नाही.

१९६८ साली फूटपाथवर व झोपड्यांत झोपलेल्यांचे मुडदे पाडणारा रामन राघव याच मुंबईत सापडला. रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली गुन्हे शाखेने तो तपास केला, आणि अॅलेक्स फियालो या फौजदाराने जुन्या नोंदीतील छायाचित्रावरून त्याला रस्त्यात ओळखले. चिकाटीने जपलेले दफ्तर काय करू शकते, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

खुनाच्या गुन्ह्याला मुदतीचा अडसर नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९७० व १९८० च्या दशकांतील खुनांचा आरोपी २०१८ साली पकडला गेला, तो जपून ठेवलेल्या जैविक नमुन्यांमुळे व त्यांवरून शोधलेल्या नातलगांमुळे. तेव्हा ‘प्रकरण जुने झाले’ ही सबब आम्हांस मान्य नाही. महाराष्ट्र व पश्चिम बंगाल सरकारांनी संयुक्त पथक नेमून दोन्ही शहरांतील शवचिकित्सेचे अहवाल एकाच तज्ज्ञमंडळापुढे ठेवावेत. जप्त मुद्देमालापैकी काय शिल्लक आहे हे जाहीर करावे, आणि नष्ट झाला असल्यास कोणाच्या हुकमाने, हेही सांगावे. त्याचबरोबर, रोजगारासाठी मुंबईस किंवा कलकत्त्यास गेलेला माणूस परतला नाही, अशा त्या वर्षांतल्या ज्या नोंदी खेड्यापाड्यांतील ठाण्यांत अजून टिकून असतील, त्या मागवून या मृतांच्या वर्णनांशी व छायाचित्रांशी एकेक करून ताडून पाहाव्यात. हे काम कंटाळवाणे असले तरी त्याची सुरुवात मुंबईच्या बारा फायलींपासून याच वर्षी करता येईल.