उत्तरेचा रस्ता रिकामा नाही

कॅम्पर व्हॅनच्या जाहिरातींत आणि प्रवासाच्या व्हिडिओंत एक दृश्य ठरलेले असते. डोंगराच्या पायथ्याशी एकच गाडी, मागचे दार उघडे, दोन खुर्च्या, चहाचे दोन कप, आणि नजर पोहोचेल तिथवर माणसाचा मागमूस नाही. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात आणि अलास्कात महिना-दोन महिने असे दोघांनीच भटकण्याची ओढ आता मराठी घरांतही पोहोचली आहे. व्हँकुव्हर-कॅलगरीकडे स्थायिक झालेल्या मुलांना ती आहे आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडे जाणाऱ्या आईवडिलांनाही. ओढ खरी आहे आणि चांगली आहे. माझा आक्षेप ‘तिथे कोणी नाही’ या समजुतीला आहे. या समजुतीने माणसांचे जीव घेतले आहेत, तिच्या आधारे लोकांना त्यांच्याच जमिनीवर परके केले गेले आहे, आणि ती मनात धरून निघालेले जोडपे त्या प्रवासातला सर्वांत मोलाचा भाग न बघताच परत येते.

आकडे वरवर पाहता या समजुतीच्याच बाजूने बोलतात. युकॉनचे क्षेत्रफळ सुमारे ४ लाख ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपट. २०२१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली ४०,२३२, आणि त्यांतली दोन तृतीयांशांहून अधिक माणसे एकट्या व्हाइटहॉर्स शहरात. आपल्याकडे एका तालुक्यात याहून जास्त लोक राहतात. पण विरळ वस्तीची जमीन बेवारस नसते. ऋतूनुसार कॅरिबू हरणांच्या कळपांमागे जाणाऱ्या, उन्हाळ्यात नदीकाठी साल्मन मासे पकडून वाळवणाऱ्या, हिवाळ्यात सापळे लावायला कित्येक कोस चालणाऱ्या माणसांना जगायला मोठा मुलूख लागतो. त्या मुलखात कुंपण दिसत नाही आणि नांगरट दिसत नाही, एवढ्यावरून तो रिकामा ठरवणे हे शेती करणाऱ्या समाजाचे अज्ञान आहे.

हा प्रवास ज्या रस्त्यावरून सुरू होतो तो अलास्का महामार्ग घ्या. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अमेरिकेला अलास्काकडे जाणारा खुष्कीचा मार्ग तातडीने हवा होता. १९४२ च्या मार्चमध्ये काम सुरू झाले आणि हिवाळा पुरता लागण्याआधी अडीच हजारांहून अधिक किलोमीटरची कच्ची वाट तयार झाली. दहा हजारांहून जास्त सैनिक त्यावर राबले आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. गोऱ्या सैनिकांपासून वेगळ्या ठेवलेल्या पलटणींत त्यांना काम करावे लागले. ऑक्टोबर १९४२ मध्ये बीव्हर क्रीकजवळ दोन दिशांनी येणारे बुलडोझर समोरासमोर भिडले. एकावर होते रिफाइन्स सिम्स हे कृष्णवर्णीय कॉर्पोरल, दुसऱ्यावर आल्फ्रेड जालुफ्का हा गोरा शिपाई. वाट कुठून काढायची हे सांगायला अनेक ठिकाणी आदिवासी वाटाडे होते. सुरुवातीला सैन्याने जमिनीवरचा शेवाळाचा जाड थर खरवडून काढला. खालची कायम गोठलेली माती उघडी पडून वितळली आणि रस्त्याचा चिखल झाला. मग शेवाळ तसेच ठेवून त्यावर लाकडाचे ओंडके अंथरण्याची रीत आली.

रस्त्याबरोबर रोगही आले. टेसलिन या वस्तीत १९४२-४३ च्या एकाच हिवाळ्यात गोवर, गालगुंड, डांग्या खोकला, कावीळ, आमांश यांच्या साथी एकामागून एक आल्या. बाहेरून आलेल्या लोकांनी रस्त्यालगत शिकारीचा सपाटा लावला, म्हणून १९४३ मध्ये क्लुआनी भागात शिकारबंदीचे अभयारण्य घोषित झाले. त्या बंदीत पिढ्यान्‌पिढ्या तिथे शिकार करून पोट भरणारे सदर्न टुशोनी लोकही सापडले. प्राणी कमी होण्याला जबाबदार कोण आणि शिक्षा कोणाला, हा प्रश्न मेळघाटातल्या कोरकूंची कहाणी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला नवा वाटू नये. आज कॅनडातले सर्वांत उंच शिखर, ५,९५९ मीटरचे माउंट लोगन, याच भागातल्या राष्ट्रीय उद्यानात आहे. गाडी थांबवून हिमशिखरांचे फोटो काढताना ज्याला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हटले जाते, त्याची ती शांतता काही अंशी हुकमाने घडवलेली आहे. याच टुशोनींपैकी शॅम्पेन आणि एशिहिक लोकांशी जमिनीच्या हक्कांचा करार झाला तो १९९३ मध्ये, क्लुआनी लोकांशी २००३ मध्ये. तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या.

याहून उत्तरेला युकॉनमधल्या डॉसन गावाजवळून डेम्पस्टर महामार्ग फुटतो. सातशेहून अधिक किलोमीटरचा, जवळजवळ सगळा खडीचा हा रस्ता आर्क्टिक वृत्त ओलांडून इनुविकला जातो. रस्त्याला ज्यांचे नाव आहे ते डेम्पस्टर हे घोडदळी पोलिसांतले कॉर्पोरल. १९११ मध्ये हरवलेल्या एका गस्तीचा शोध त्यांनी घेतला. ती गस्त का हरवली, हे प्रत्येक प्रवाशाने समजून घेण्यासारखे आहे. इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड डिसेंबर १९१० मध्ये तीन साथीदारांसह कुत्र्यांच्या गाड्या घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाले. वेगाने जाता यावे म्हणून शिधा कमी घेतला होता. वाटेत ईसॉ जॉर्ज नावाचा, तिथल्या ग्विचिन आदिवासींपैकी एक वाटाड्या त्यांनी काही दिवस बरोबर घेतला आणि मग त्याला निरोप दिला. गस्तीतल्या ज्याच्यावर वाट दाखवण्याची भिस्त होती, त्याला पुढचा फाटा सापडेना. शोधण्यात दिवस गेले, शिधा संपला, परतीच्या वाटेवर त्यांना आपलीच कुत्री मारून खावी लागली. चौघेही मेले. फिट्झजेराल्ड यांचा मृतदेह मिळाला तो फोर्ट मॅकफर्सनपासून चाळीसेक किलोमीटरवर. शोधायला निघालेल्या डेम्पस्टरनी मात्र चार्ली स्ट्युअर्ट या ग्विचिन वाटाड्याला बरोबर घेतले होते. थंडीपेक्षाही घाई आणि माहीतगाराला दूर करणे, या दोन गोष्टी त्या चौघांना भोवल्या.

ऐंशी वर्षांनंतर, १९९२ मध्ये, अलास्कातल्या स्टँपीड वाटेवर एका सोडून दिलेल्या बसमध्ये ख्रिस मॅककँडलेस हा तरुण उपासमारीने गेला. पुढे त्याच्यावरच्या पुस्तकामुळे आणि चित्रपटामुळे ती बस एकांताचे तीर्थ झाली. तिथे पोहोचण्याच्या नादात दोन जण नदीत बुडाले, अनेकांना सोडवून आणावे लागले, आणि अखेर जून २०२० मध्ये बस हेलिकॉप्टरने उचलून नेण्यात आली. ती बस तिथे आली कशी? ती फेअरबँक्स शहराची जुनी सार्वजनिक बस होती, आणि १९६१ मध्ये रस्ता बांधणाऱ्या मजुरांना राहण्यासाठी ओढून आणलेली होती. जगापासून पळून जाण्याचे प्रतीक म्हणून ज्या वस्तूची पूजा झाली, ती शहराच्या वाहतुकीतून आणि मजुरांच्या बिऱ्हाडातून आलेली होती. जी नदी त्या तरुणाला परतीच्या वेळी ओलांडता आली नाही, तिच्यावर थोड्याच अंतरावर हाताने ओढायचा तारेवरचा पाळणाही होता.

आजचा डेम्पस्टरवरचा प्रवासी इतका असहाय नसतो, याचे कारण त्याच्यामागे बरीच माणसे उभी असतात. इथली धारदार दगडी खडी टायर चिरते, म्हणून जाणकार दोन जादा टायर नेतात. समोरून ट्रक आला की गाडी हळू करून कडेला घेतात, नाहीतर काचेला तडा ठरलेला. ३६९ व्या किलोमीटरवरच्या ईगल प्लेन्सला डिझेल, जेवण आणि पंक्चर काढणारा माणूस मिळतो, आणि मधल्या पल्ल्यात दुसरे काही नसते. या रस्त्यावर पील आणि मॅकेन्झी या नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात सरकारी फेरीबोट गाडी फुकट पलीकडे नेते, हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरूनच रस्ता जातो, आणि बर्फ धरण्याच्या वा फुटण्याच्या काळात दोन्ही बंद. युकॉनच्या अनेक सरकारी मुक्कामतळांवर पाकिटात पैसे घालून पेटीत टाकायचे असतात, आणि चुलाण्यासाठी फोडलेले लाकूड तिथे रचून ठेवलेले असते. अस्वलांना उघडता येणार नाहीत अशा कचरापेट्याही असतात. ज्याला आपण मोकळेपणा म्हणतो तो या व्यवस्थेवर तोललेला आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की माणसे वर्षभर गर्दीत, लोकलमध्ये, कचेरीत पिचून निघतात. दोघांना चार दिवस कोणी नको असेल, तर त्यांच्या सुट्टीवर इतिहासाचे ओझे कशाला? एकांताची गरज मला मान्य आहे, आणि दोन माणसांना एकमेकांशी नीट बोलायला रिकामा वेळ मिळणे याला मी चैन समजत नाही. परंतु एकांत आणि अज्ञान यांची सांगड घालण्याचे कारण नाही. आपण कोणाच्या मुलखात आहोत हे कळल्याने एकांत कमी होत नाही. याच मुलखात जो आणि अ‍ॅनी हेन्री हे दांपत्य राहिले. १९२१ मध्ये त्यांचे लग्न झाले, २००२ मध्ये जो वारले. ऐंशी वर्षांचा हा संसार बराचसा डोंगर-दऱ्यांत, शिकारीच्या आणि सापळ्यांच्या वाटांवर झाला. १९५० च्या दशकात बुलडोझर इथे आले तेव्हा डेम्पस्टरच्या सुरुवातीच्या टप्प्याची वाट दाखवणाऱ्यांत जो होते. आज तिथून जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याच्या चाकाखाली त्यांची माहिती आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: आम्ही येतो, पैसे खर्चतो, त्यावर तिथले लोक जगतात, मग आणखी काय हवे? इथे कॅम्पर व्हॅनची गोष्ट वेगळी पडते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसे या गाडीत अंथरूण असते, शेगडी असते, दक्षिणेतल्या मोठ्या दुकानातून भरलेला महिन्याचा शिधा असतो. कोणाचे दार वाजवण्याची गरजच पडत नाही. अशी गाडी सातशे किलोमीटर जाऊन मागे धूळ आणि भरलेल्या कचरापेट्या एवढेच ठेवू शकते. हॉटेलात उतरणाऱ्याला निदान दोन माणसांशी बोलावे लागते. पण याच गाडीची दुसरी बाजूही आहे. रात्रीच्या खोलीचे भाडे चढत नसल्यामुळे एका जागी चार दिवस जास्त राहणे तिला परवडते. गाडीचे खरे बळ या थांबण्यात आहे, आणि बहुतेक लोक तेच वाया घालवतात. रोज पाचशे किलोमीटर कापून नकाशावरच्या टोकाला, २०१७ मध्ये रस्ता पोहोचलेल्या टुकटोयाकटुकच्या समुद्रापर्यंत जातात, पाण्यात पाय बुडवून फोटो काढतात आणि वळतात.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. जगाच्या तापमानवाढीची सर्वाधिक झळ लागणाऱ्या प्रदेशात डिझेल जाळत हिंडावे का? डेम्पस्टर उभा आहे तो गोठलेल्या जमिनीवर. ती वितळू नये म्हणून रस्त्याखाली खडीचा जाड थर घातला आहे, आणि तरीही जमीन खचते आहे. टुकटोयाकटुकचा किनारा समुद्र कुरतडतो आहे. भारतातून विमानाने जाणाऱ्याने हा हिशेब टाळू नये. माझे म्हणणे एवढेच की जायचेच असेल तर एकदा जावे आणि दीर्घकाळ राहावे. दर वर्षी दहा दिवसांच्या धावत्या सहलीपेक्षा आयुष्यात एकदा केलेला दोन महिन्यांचा मुक्काम कमी नुकसान करतो. लडाखमधल्या त्सो मोरिरीच्या काठी, चांगपांच्या शेळ्या चरतात त्या कुरणात टायर घालणाऱ्या आपल्याकडच्या गाड्यांनाही हेच लागू आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा गाड्या सह्याद्रीत आणि कोकणात वाढतील तेव्हा त्या कोणाच्या गावठाणात, कोणाच्या गायरानात आणि कोणाच्या संमतीने थांबतील, हे आतापासून ठरवायला हवे.

हळू जाणाऱ्याला उत्तरेत काय मिळते याचा एक दाखला. पॉर्क्युपाइन नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅरिबूच्या कळपात २०१७ च्या गणनेत सुमारे २ लाख १८ हजार प्राणी भरले. हिवाळ्यासाठी येताना हे कळप डेम्पस्टर ओलांडतात. पुढे चालणाऱ्या कॅरिबूंना जाऊ द्यायचे, त्यांच्यावर बंदूक रोखायची नाही, अशी ग्विचिन लोकांची जुनी शिस्त आहे, कारण म्होरके वळले तर मागचा कळपही वळतो आणि वाट सोडतो. गाडीलाही तोच नियम लागतो. कळप रस्त्याजवळ आला की इंजिन बंद करून, दार न उघडता, लागेल तेवढा वेळ थांबायचे. हे फलकावर वाचण्यापेक्षा ज्यांचा तो नियम आहे त्यांच्याकडून ऐकणे वेगळे, आणि पील नदी ओलांडल्यावर फोर्ट मॅकफर्सन हे ग्विचिनांचे गाव रस्त्याला लागूनच आहे. टुकटोयाकटुकचा आग्रह सोडून वाचलेले तीन दिवस त्या गावात घालवणाऱ्या जोडप्याच्या यादीत एक समुद्र कमी भरेल. त्या बदल्यात त्यांनी पार केलेला मुलूख कोणाचा आहे, हे त्यांना नावानिशी कळलेले असेल.