चंद्रतळाची किल्ली कोणाच्या हाती?

चंद्रावर राहायला शिकायचे तर आधी मणिबेलीकडे पाहावे, असे मी म्हटले तर तुम्ही हसाल. पण जरा थांबा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोने लडाखमधील लेह येथे परग्रहावरील वस्तीचा सराव सुरू केला. मुंबईची आय.आय.टी.ही त्यात सहभागी होती. अशा सराव-तळावर माणसे बंद निवाऱ्यात राहून पुढच्या अडचणींची रंगीत तालीम करतात. माझे म्हणणे असे, की या तालमीत संगणकावरील हल्ल्यालाही जागा हवी.

का, ते पाहू. चंद्रतळावर हवा, पाणी आणि वीज यांची देखरेख बहुतांशी कृत्रिम बुद्धिमत्तेकडे असेल. पण ही बुद्धिमत्ता संवेदकांकडून मिळालेल्या माहितीवरच विचार करते. माहिती खोटी, तर निर्णयही खोटा! २०१० साली उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने हेच केले. इराणच्या अणुकेंद्रातील यंत्रांचा वेग त्याने बिघडवला आणि पडद्यावर मात्र ‘सर्व ठीक’ असे आकडे दाखवले. चंद्र तर सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. तेथून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला अडीच सेकंद लागतील, पण मदतीला माणूस पोचायला काही दिवस!

आता मणिबेली. नंदुरबार जिल्ह्यातील, सरदार सरोवराच्या पाण्याकाठचे हे दुर्गम गाव. राज्यातील पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र येथलेच. मतदानयंत्र घेऊन कर्मचारी होडीने तेथे जातात. हे यंत्र कोणत्याही संगणक-जाळ्याला जोडलेले नसते. शिवाय मत दिल्यावर कागदाची चिठ्ठी सात सेकंद मतदाराच्या डोळ्यांसमोर राहते. म्हणजे दोन धडे मिळाले. जे जोडण्याची गरज नाही ते जोडू नये, आणि यंत्राच्या शब्दाला माणसाच्या डोळ्यांची साक्ष हवी.

पहिला धडा एकटा पुरत नाही. इराणमधील ती यंत्रेही बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेलीच होती. पेन ड्राइव्हसारख्या साधनातून विषाणू आत शिरू शकतो. म्हणून दुसरा धडा अधिक मोलाचा.

कोणी म्हणेल, “माणूस झोपतो, यंत्र जागे असते.” खरे आहे. हवेची गळती झाली तर यंत्राने क्षणात दार बंद करावे. पण खोलीचा प्राणवायू तोडण्याचा अधिकार त्या एकट्याकडे नसावा. त्यासाठी हाताने फिरवायची झडप आणि जाळ्याबाहेरचा एक साधा मापक तळावर असलाच पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्ता सल्लागार असावी, किल्लीदार नव्हे.

गुरुजनांच्या मदतीने वर्गातच हा खेळ करून पाहा. एका गटाने तापमानाच्या नोंदींत गुपचूप खोटा आकडा घालावा. दुसऱ्याने वेगळ्या तापमापकाने तो शोधावा. लबाडी किती वेळात पकडली, ते वहीत लिहा. चंद्रावर तेवढा वेळ परवडला असता का?