गिअरबॉक्स उघडण्याआधी

कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी या मोटारीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत असे. तिथून सळया आणि बुशांमार्फत तो गिअरबॉक्सशी जोडलेला. जुन्या कॉलम-शिफ्ट पिकअपची रचनाही साधारण अशीच.

दांडा लटपटू लागला, की गिअरबॉक्सच उतरवायची घाई होते. ही घाई मालकाच्या खिशावर अन्याय करते, कारण दोष बहुधा झिजलेल्या बुशात असतो. इंजिन बंद करून, चाकांना ठोकळे लावून एकाने दांडा हलवावा, दुसऱ्याने खालून पाहावे. जिथे दांडा हलूनही पुढची सळई थबकते, तो सांधा सैल. बुश बदलावा, मग न्यूट्रलमध्ये सळईची लांबी जुळवावी.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. तिची टॅक्सी म्हणून धावण्याची मुदत २०२३मध्ये संपली. अशा गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना, त्यांची ही पारख हरवण्याआधी, आयटीआयने आताच शिकवायला बोलवावे.